दीड इंच सैल

ड्रायव्हरच्या हातून कुत्रा सुटला, हे गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं. साफ खोटं होतं ते. आणि खोटं आहे हे ठाऊक असलेलं माणूस एकच होतं. ते त्याच्याच घरात, त्याच्याच समोर बसून, शाळेच्या गणवेशांना काजं करत होतं.

ते माणूस म्हणजे मास्तर. मास्तर म्हणजे बाई बरं का. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान. नवं गिऱ्हाईक आत आलं की इकडेतिकडे बघत विचारायचं, "मास्तर कुठे गेलेत?" कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला तिचा नवरा मान वर न करता म्हणायचा, "समोर उभ्या आहेत त्याच मास्तर. मी त्यांचा हेल्पर, बिनपगारी." तेव्हापासून सगळे तिला मास्तरच म्हणायला लागले, नवराही. अठ्ठावीस वर्षांत आपल्या हातचा एक कपडा परत आला नाही, हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते, पण खरंच होतं ते, म्हणून कुणी काही बोलायचं नाही.

नवऱ्यानं बत्तीस वर्षं बस चालवली. मागच्या वर्षी एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून रेझर गळून पडलं, तोंड वाकडं झालं आणि डावी बाजू बंद पडली. दवाखाना वेळेवर गाठला म्हणून निभावलं. हळूहळू जीभ वळायला लागली, पाय चालायला लागला. डावा हात मात्र मागे राहिला. बस गेली ती कायमचीच. मग चार महिने माणूस नुसता भिंतीकडे तोंड करून बसला. कुणी बोललं तर "हं", नाही बोललं तर तेही नाही.

शेवटी लेकीनं हात टेकले आणि प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक कुत्रा उचलून आणला. लेक दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, तिला वाटलं की बाबांना बाहेर पडायला काहीतरी निमित्त मिळेल. कुत्रा तांबूस, मध्यम चणीचा, आणि नाक कोटाच्या बटणासारखं, म्हणून नाव बटण. दिसायला गरीब. पण समोरून दुसरा कुत्रा आला, सायकल आली, कुणी छत्री उघडली, की याचं डोकं फिरलंच म्हणून समजा! भुंकून भुंकून गल्ली डोक्यावर घ्यायचा.

मग ट्रेनरबाई आल्या. वयानं लेकीएवढ्या, पण आवाज असा की बटणच काय, ड्रायव्हरही खुर्चीत ताठ बसायचा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, हा वाईट नाही, भित्रा आहे. भुंकतो म्हणजे जवळ येऊ नका म्हणतो. गळ्याला हिसका दिलात तर आणखी घाबरेल. म्हणून हार्नेस, म्हणजे छाती-पोटाला बांधायचे पट्टे. दोरीचा एक हूक छातीवरच्या कडीला, म्हणजे ओढायला लागला की आपोआप तुमच्याकडे वळेल. दुसरा हूक गळ्यातल्या पट्ट्याला, म्हणजे एक निसटलं तरी दुसरं राहील. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, मुठीत धरायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, असे कुत्रे पुढे पळून सुटत नाहीत, मागे सरकून सुटतात. डोकं खाली, कोपरं आत, आणि सदरा काढावा तसे बाहेर. छातीमागच्या पट्ट्यात दोन बोटं सपाट जायला हवीत. तिसरं बोट गेलं तर बाहेर न्यायचा नाही."

ड्रायव्हरला हे असं काही पटलं की विचारू नका. बस डेपोतून काढण्याआधी जशी चाकं, आरसे, ब्रेक बघायचे, तसा तो रोज दारात वाकून बटणचे पट्टे बघायला लागला. "छाती, पोट, गळा," मोठ्यानं म्हणायचा. दोन्ही हूक मुद्दाम डाव्या हातानं लावायचा. पहिल्या आठवड्यात एकेका हुकाला पाच पाच मिनिटं लागायची, घामाघूम व्हायचा, पण कुणी मदतीला आलं की हात झटकायचा. रस्त्यात तीस पावलांवर कुत्रा दिसला की हा वेळेत वळायचा, बटणला बिस्किटाचा तुकडा द्यायचा, आणि घरी येऊन सांगायचा, "वळण घ्यायचं तर आधी दिसायला हवं, मास्तर. आज चार वळणं घेतली, एकदाही भुंकला नाही." तीन महिन्यांत त्याच्या डाव्या हातात चहाचा कप राहायला लागला. एके दिवशी स्वतःची दाढी स्वतः करून बाहेर आला, तेव्हा मास्तर मशीनवर मान घालून इतका वेळ रडली की समोरच्या पँटवर डाग पडला.

आता चूक कुठे झाली ते ऐका.

बटणच्या गळ्याला पट्ट्याखाली पुरळ आलं. जनावरांच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि दहा दिवस पट्टा घालू नका म्हणून सांगितलं. त्याच सुमाराला हार्नेसनं पुढच्या पायामागे, बगलेत, थोडं सोललं. ट्रेनरबाई नेमक्या त्या आठवड्यात तापानं आडव्या. मास्तरनं हार्नेस हातात घेतला, उलटापालटा केला आणि नाक मुरडलं. "हे काय शिवणकाम आहे? कच्चा माल! आणि ही पट्ट्याचं माप धरायची कडी बघा, रोज सरकते. द्या इकडे."

तिनं बगलेत मऊ कापडाची गादी लावली. मग बटणला टेबलाजवळ उभं करून टेपनं छातीचं माप घेतलं, आणि पट्टा होता त्याहून दीड इंच सैल धरला. का? कारण अठ्ठावीस वर्षं ती तेच करत आली होती. माणूस माप देताना श्वास रोखून पुतळ्यासारखा उभा राहतो, पण कपडा घालून त्याला बसायचं असतं, वाकायचं असतं. अंगाच्या मापाचा कोट शिवणारा शिंपी कसला? हालचालीला जागा ठेवतो तो खरा. तिनं सरकणारी कडी दीड इंच पुढे नेली आणि पुन्हा सरकू नये म्हणून दुहेरी दोऱ्यानं तिथेच शिवून टाकली.

"दोन बोटांचं बघितलंस ना?" ड्रायव्हरनं विचारलं.

"अहो, मापं मला नका शिकवू. मी तुम्हाला कधी गिअर टाकायला शिकवलं का?"

"पट्टाही नाही गळ्यात. एकाच हुकावर न्यायचा..."

"हत्तीनं ओढला तरी उसवणार नाही, हे माझं काम आहे. जा बिनधास्त."

तो गेला. मास्तरचा शब्द त्याच्या लेखी डॉक्टरच्या शब्दापेक्षा मोठा होता.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, दुकानाच्या काचेतून मास्तरला सगळं दिसलं. समोरच्या फुटपाथवर माल उतरवायची एक व्हॅन उभी होती, तिच्या बाजूनं ड्रायव्हर बटणला घेऊन चालला होता. व्हॅनमागून पोस्टातल्या बाई आल्या. पोस्टाच्या खिडकीवर बसतात त्या, बरोबर त्यांचा छोटा पांढरा कुत्रा. अंतर उरलं जेमतेम पाच पावलं. बटण भुंकला, झेपावला. ड्रायव्हरनं सगळं नीट केलं. पाय रोवले, दोरी दोन्ही मुठींत घेतली, "चल चल" म्हणत वळायला लागला. पण एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला व्हॅन. बटण घाबरला, त्यानं डोकं खाली घातलं, कोपरं आत घेतली आणि मागे सरकत सुळकन बाहेर पडला. रिकामा हार्नेस दोरीला लटकत राहिला. मागे रेललेला ड्रायव्हर धपकन खाली बसला. खाली बसेपर्यंत त्याची मूठ मिटलेली होती. जमिनीवर हात टेकला तेव्हा ती उघडली. मास्तरनं हे डोळ्यांनी पाहिलं.

पुढचं गल्लीनं पाहिलं. बटणनं पांढऱ्या कुत्र्याचा कान धरला, पोस्टातल्या बाई मध्ये पडल्या, स्वतःच्याच दोरीत पाय अडकून आपटल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मास्तर धावत गेली. बटण तिला बघून कान सोडून तिच्या पायांत शिरला, थरथर कापत होता. तिनं त्याला एका हातानं कवटाळलं आणि दुसऱ्या हातानं फुटपाथवरची दोरी उचलली. हार्नेसच्या दोन्ही क्लिपा बंद होत्या. टाका एकही उसवला नव्हता. तिनं ते सगळं एप्रनच्या मोठ्या खिशात कोंबलं. का कोंबलं हे तिला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

लोक पोस्टातल्या बाईंना उठवत होते. कुणीतरी ड्रायव्हरला हाताला धरून उभं केलं आणि म्हणालं, "काका, लागलं नाही ना? हातातून सुटला का हो?"

ड्रायव्हरनं आपला डावा तळहात उलटा करून बघितला. "सुटला," तो म्हणाला.

अहो, नाही हो! एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते तिच्या जिभेवर आलेही होते. पण तेवढ्यात पोस्टातल्या बाई कळवळून ओरडल्या, त्यांचं मनगट वेडंवाकडं लोंबत होतं, आणि मास्तरला उमगलं. हे आपण केलं. आपल्या हातानं, टेप लावून केलं. तिच्या तोंडाला कुलूप बसलं.

संध्याकाळी घरात कुणी नसताना तिनं टाके उसवले, कडी दीड इंच मागे घेतली आणि तिथे शिवून टाकली. चूक दुरुस्त केली, असं तिनं स्वतःला सांगितलं. लेकीनं विचारलं, "हार्नेस कुठे आहे?" तर म्हणाली, "मीच काढून ठेवला त्याच्या अंगावरून." एका खोट्याची दोन झाली.

आणि खरं सांगायचं तर, पहिल्या रात्री तिला थोडं हायसंच वाटलं होतं. हात आजारी होता. आजारी माणसाला कोण बोल लावणार? उद्या सांगू, असं ठरवून ती झोपली.

उद्या काय झालं? ड्रायव्हरनं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. परवा म्हणाला, काचेचा नको, स्टीलचा दे. त्यानंतर दाढी बंद. स्कूटरची किल्ली त्यानं न मागता लेकीच्या हातात ठेवली. लेक म्हणाली, "बाबा, गॅसजवळ जाऊ नका, कुलूप मी लावत जाईन," आणि तो "बरं" म्हणाला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखं. मग त्यानं दवाखान्यातून हाताच्या व्यायामासाठी दिलेला मऊ चेंडू शोधून काढला. सकाळ-संध्याकाळ मास्तरच्या समोर बसून डाव्या मुठीत दाबायचा.

"मोज गं," तो म्हणायचा. "मध्येच मला आकडा आठवत नाही."

ती काजं करता करता मोजायची. "अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. बास आता."

"आणखी पन्नास. डोळ्यादेखत उघडली ती मूठ, मला कळलंसुद्धा नाही. कळलं असतं तर आवळली नसती का? आतून निरोपच येत नाही, मास्तर. हेच सगळ्यात वाईट."

सांगावं? आता? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर चूक होती. चौथ्या दिवशी सांगायचं म्हणजे चार दिवसांचा हिशेब द्यायचा. सहाव्या दिवशी सहाचा. ती गणवेश पुढे ओढायची आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायची.

आठव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, इन्स्पेक्टर आला. कुत्र्यांच्या तक्रारी बघणारा सरकारी माणूस, पोक्त, काखेत फाइल. पोस्टातल्या बाईंनी तक्रार लिहून दिली होती. ट्रेनरबाईंनाही बोलावलं होतं, त्या तापातून उठून आल्या होत्या. दुकानातच सगळे बसले. बटणच्या तोंडाला जाळी बांधून लेकीनं त्याला कापायच्या टेबलाखाली बसवलं होतं.

"सरळ सांगतो," इन्स्पेक्टर म्हणाला. "कुत्रा सांभाळणाऱ्याला झेपत नसेल, तर कुत्रा इथे ठेवता येणार नाही. आमच्या केंद्रात जाईल. असा चावरा म्हणून आलेला कुत्रा पुन्हा कुणी नेत नाही, तेव्हा पुढचं मी सांगायला नको. काका, त्या दिवशी दोरी कुणाच्या हातात होती?"

"माझ्या," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्याच हातून सुटली. हातात जोर राहत नाही माझ्या. लिहा तसं."

"बाबांना नाहीच झेपत," लेक हळू आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "चूक माझी आहे, मीच आणला."

इन्स्पेक्टरनं पेनाचं टोपण काढलं. ड्रायव्हर खाली मान घालून बसला होता, डावा हात मांडीवर उताणा, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. मास्तरला ते बघवेना.

"थांबा," ती म्हणाली. "लिहू नका. त्यांच्या हातून नाही सुटला. हार्नेसमधून सुटला. मी सैल केला होता तो. दीड इंच. मी पाहिलं काचेतून, यांची मूठ बंद होती."

आणि मग काय झालं असेल? कुणी ओरडलं? छे! इन्स्पेक्टर चक्क हसला, मायेनं हसला.

"काकू, पंधरा वर्षं झाली मला या कामात. प्रत्येक घरात एक माणूस असं उभं राहतं. आणा बघू तो हार्नेस."

तिनं आणला. त्यानं टेबलाखाली वाकून बटणला घातला, दोन बोटं आत सरकवली. बरोबर दोन. "हा तर मापात आहे."

"मी नंतर घट्ट केला! त्याच संध्याकाळी. ही भोकं बघा ना, ही, इथे. उसवलेल्या टाक्यांची भोकं आहेत."

"भोकं कालही पाडता येतात, काकू."

"आई, बास ना," लेक म्हणाली. "कशाला?"

ड्रायव्हरनं मान वर केली. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे नीट बघितलं, आणि ती नजर इतकी कृतज्ञ होती की मास्तरला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. "राहू दे, मास्तर," तो म्हणाला. "माझ्यासाठी खोटं नको बोलूस. तू कधी बोलत नाहीस."

आता आली का पंचाईत? आठ दिवस खोटं बोलली ते सगळ्यांनी खरं मानलं, आणि खरं बोलली तर नवऱ्यावरच्या प्रेमापोटी खोटं बोलते म्हणून तिची समजूत काढायला लागले.

ट्रेनरबाई मात्र टेबलाखाली बसून भोकांवरून नख फिरवत होत्या. "काकू, मी हा आणला तेव्हा कडी शिवलेली नव्हतीच. रोज सरकवून माप बसवायची असते ती. शिवली कुणी?"

"मी. दोनदा."

"आणि पहिल्यांदा शिवली तेव्हा गळ्यात पट्टा?"

"नव्हता. पुरळ होतं."

ट्रेनरबाईंनी डोळे मिटले. "मग सुटणारच होता," त्या म्हणाल्या. "साहेब, दार लावून घ्या."

मास्तर मशीनवर बसली. टाके उसवले, कडी पुढे नेली, जुन्या भोकांवर सुई ठेवली आणि शिवलं. भोकात भोक बसलं. इन्स्पेक्टर घड्याळाकडे बघत होता, पण थांबला.

ट्रेनरबाईंनी तो हार्नेस बटणला घातला. छातीच्या पट्ट्यात त्यांची चार बोटं गेली. त्यांनी ती चार बोटं इन्स्पेक्टरला दाखवली. जाळी तपासली, दोरी ड्रायव्हरच्या हातात दिली. "डाव्या मुठीत, काका. एकदाच करायचं आहे हे. त्याला पुन्हा पुन्हा घाबरवणार नाही मी. साहेब, फाइल घेऊन एक पाऊल पुढे या."

"सुटेल हो माझ्या हातून," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"सुटू दे. दार बंद आहे."

इन्स्पेक्टर एक पाऊल पुढे आला. बटण ताठरला. जाळीतून गुरगुरला, दोरी ताणली गेली. मग त्यानं डोकं खाली घातलं, कोपरं आत घेतली, मागे सरकला, आणि सुळकन बाहेर पडून मशीनच्या मागे जाऊन लपला. हार्नेस दोरीला लोंबत राहिला. दोरी ड्रायव्हरच्या मुठीत होती. मूठ इतकी घट्ट होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

ड्रायव्हरनं त्या मुठीकडे बघितलं. "असंच होतं," तो सावकाश म्हणाला. "आधी ताण, मग एकदम काहीच नाही. असाच गेलो होतो मी मागे." त्यानं मूठ उघडली, तळहात उजेडात धरला. "आणि मला कसं सुचलं नाही? दोरी हातातून ओढून गेली असती तर हात सोलला असता. साधा चट्टाही नव्हता. दोर सरकला की काय होतं ते मला ठाऊक आहे, डेपोत कितीदा हात सोलून घेतलेत."

लेक रडत होती आणि "बाबा, बाबा" म्हणत त्याचा हात चोळत होती. इन्स्पेक्टरनं आधीची ओळ खोडली. दुसरी लिहिली. बाहेर नेताना तोंडाला जाळी, दोरीला दोन हूक, हार्नेस कंपनीचा जसाच्या तसा, ट्रेनरबाईंची सही, महिन्यानं पुन्हा पाहणी. कुत्रा घरीच राहील. मग त्यानं मास्तरकडे बघितलं. आता तो हसत नव्हता. "पोस्टातल्या बाईंना कोण सांगणार?"

"मी सांगते. आजच जाते."

"जा," तो म्हणाला आणि फाइल काखेत मारून निघून गेला.

ट्रेनरबाई बटणला मशीनमागून काढायला खाली बसल्या. त्यांनी पिशवीतून दुसरा, कोरा हार्नेस काढला. ड्रायव्हर तो घ्यायला पुढे आला, पण मध्येच मास्तरसमोर थांबला.

"तू पाहिलं होतंस?"

"हो."

"त्याच दिवशी?"

"त्याच वेळी."

"म्हणजे मी सुटला म्हणालो, तेव्हा तू शेजारीच उभी होतीस."

"होते. चुकलं माझं. रोज सांगणार होते हो, रोज ठरवत होते..."

"आणि समोर बसून मोजत होतीस."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो ओरडलासुद्धा नाही.

"अगं, माप चुकलं म्हणाली असतीस ना, तर हसलो असतो मी," तो म्हणाला. "भरलेली बस घेऊन मी दुसऱ्याच गावाच्या रस्त्याला लागलो होतो एकदा, आठवतं? आठवडाभर हसत होतो आपण दोघं. तसाच हसलो असतो. हा हात माझा राहिला की गेला, हेच मला कळेनासं झालं होतं. आणि तुला कळत होतं."

"अहो..."

तो वळला. वाकून त्यानं बटणला नवा हार्नेस घातला. छातीची क्लिप डाव्या हातानं लावली, पोटाची डाव्या हातानं लावली. गळ्यातला पट्टा चढवला, पुरळ बरं झालं होतं. दोन्ही हूक अडकवले. वेळ लागत होता, पण कुणी मध्ये पडलं नाही. पोटाचा पट्टा एका बाजूला जरा पिळला गेला होता. मास्तरचा हात सवयीनं पुढे गेला, सरळ करायला.

ड्रायव्हरनं बटणला आपल्या बाजूला ओढून घेतलं. "तू नको," तो म्हणाला. मग ट्रेनरबाईंना म्हणाला, "तुम्ही बघा. दोन बोटं जातात का ते."

त्यांनी पट्टा सरळ केला, बोटं घालून बघितली आणि मान हलवली. दोघं कुत्र्याला घेऊन बाहेर पडले, लेकही त्यांच्यामागे गेली. मास्तर दुकानात एकटीच राहिली. थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं, दुकानाला कुलूप लावलं आणि पोस्टातल्या बाईंच्या घराकडे चालायला लागली.